जमिनीचा विसावा आणि मेंढपाळाची भाकर

वाचनासाठी : लेवीय 25:1-7, निर्गम 23:10-11



सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यावा, ही आज्ञा आपण मंडळीत अनेकदा ऐकली आहे. तिचा दुसरा भाग मात्र सहसा नजरेतून निसटतो. पडीक शेतात जे आपोआप उगवेल त्यावर मजुराचा, उपऱ्याचा, गरिबाचा आणि जनावरांचाही वाटा आहे. जमीन विसावावी, पण कोणी उपाशी राहू नये. या दृष्टीने आपल्याच जिल्ह्यातील दरेवाडीची हकिगत अभ्यासण्यासारखी आहे.

दरेवाडी संगमनेर तालुक्यात, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येते. तिथे शेतकरी, मेंढपाळ आणि ठाकर आदिवासी राहतात. डोंगर उघडेबोडके झाले होते, शेतीचे काम वर्षाकाठी तीन-चार महिने मिळे आणि उन्हाळा टँकरवर निघे. 1996 मध्ये तिथे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचे काम सुरू झाले. या कार्यक्रमाचे प्रणेते म्हणजे 1948 साली भारतात आलेले स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर. 1993 मध्ये वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टची स्थापनाही त्यांनी सहकाऱ्यांसोबत केली.

काम नेहमी माथ्याकडून पायथ्याकडे होते. आधी डोंगरावर समतल चर आणि झाडे, मग शेताचे बांध आणि शेवटी ओढ्यातला बंधारा. हा क्रम उलटला, तर पहिल्याच पावसाळ्यात बंधारा गाळाने भरतो. पैसे येण्यापूर्वी गावाने चार दिवस श्रमदान करून आपली तयारी दाखवायची, अशीही अट होती.

खरी कसोटी चराईबंदीची होती. शेतकऱ्याला उद्याचे पाणी विहिरीत दिसते. ज्याला जमीनच नाही, त्याची मेंढरे मात्र आज कुठे चरणार? मेंढपाळांनी विरोध केला, आणि तो रास्तच होता. त्यांच्याशी बोलणी झाली आणि डोंगर एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा मार्ग निघाला. काम पूर्ण होईपर्यंत, म्हणजे 2001 च्या सुमारास, शेतीतील रोजगार नऊ-दहा महिन्यांवर गेला आणि टँकर थांबले.

पाणी आले की दुसरा प्रश्न उभा राहतो. मुरलेले पाणी ज्याची विहीर खोल त्याच्याकडे आधी जाते. नगर तालुक्यातील हिवरे बाजारने म्हणूनच शेतीसाठी बोअरवेल घेण्यास बंदी केली. तिथे दरवर्षी पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि पिके त्यानुसार ठरतात. आमच्या मते चर खणण्यापेक्षा हे अवघड आहे.

गटचर्चेसाठी : अकोल्याच्या ठाकर वा महादेव कोळी वाडीत आपण रोपे लावली, तेव्हा कोणाच्या शेळ्यांचे कुरण बंद झाले? ते ठरवणाऱ्या बैठकीला त्या शेळ्या राखणारी बाई हजर होती का?