मोजमाप पंच्याऐंशीचं

ज्येष्ठांसाठीच्या गृहसंकुलांचे नकाशे काढण्यात आणि बांधून झालेली संकुलं तपासण्यात माझी वास्तुरचनाकार म्हणून बरीच वर्षं गेली. पुण्यात परांजपे स्कीम्सच्या ‘अथश्री’ प्रकल्पांमुळे ही कल्पना मराठी घरांत रुळली. आता अशा संकुलांच्या जाहिराती सर्रास दिसतात. घर घेणारा बासष्ट-पासष्टचा, नुकताच निवृत्त झालेला, हातापायांनी धड असतो. त्याला बाग आवडते, क्लब हाउस आवडतं, आणि ते स्वाभाविकच आहे. पण त्या घराचा खरा कस लागतो तो माणूस पंच्याऐंशीचा झाल्यावर. म्हणून मोजमापं त्या वयाच्या माणसाची घ्यावीत, असं माझं ठाम मत झालं आहे. ते कशातून झालं, ते सांगते.

१. वयाची अट घातली म्हणजे घर ज्येष्ठांचं होत नाही.

अमेरिकेत अ‍ॅरिझोनातलं सन सिटी १ जानेवारी १९६० रोजी सुरू झालं. गोल्फ, पोहण्याचा तलाव, दुकानं, आणि शेजारीपाजारी सगळे निवृत्त. पुढे १९८८ मध्ये मुलंबाळं असलेल्या कुटुंबांना घर नाकारणं अमेरिकेत बेकायदा ठरलं, पण ज्येष्ठांच्या वसाहतींना सूट मिळाली. एकतर सगळे रहिवासी बासष्ट किंवा त्यापुढचे हवेत, नाहीतर निदान ८० टक्के घरांत एक तरी माणूस पंचावन्न किंवा त्यापुढचा हवा. या दुसऱ्या प्रकारच्या वसाहतींनी ज्येष्ठांच्या गरजेच्या खास सोयी-सेवा पुरवाव्यात, अशीही अट होती. १९९५ च्या कायद्याने ती काढून टाकली आणि सवलतीसाठी वयाचा दाखला पुरेसा ठरला. मला हे मागे जाणं वाटतं.

त्या ८० टक्क्यांमधलं शहाणपण मात्र घेण्यासारखं आहे: उरलेल्या घरांत अपवादांना जागा राहते. नवरा सत्तरीत गेला आणि बायको अजून पंचावन्नचीही नाही, तर तिने कुठे जायचं? घर वारसाहक्काने पंचेचाळिशीतल्या मुलाकडे आलं, तर तो तिथे राहू शकतो का, की फक्त भाड्याने देऊ शकतो, आणि कोणत्या वयाच्या भाडेकरूला? मुलगी बाळाला घेऊन दोन महिने माहेरी आली तर? आपल्याकडे ‘फक्त ज्येष्ठांसाठी’ अशी पाटी लागते, पण या प्रश्नांची उत्तरं कुठे लिहिलेली नसतात. मग सोसायटीच्या सभेत ती भांडून ठरतात, आणि भांडायचं कुणाशी तर नुकत्याच विधवा झालेल्या बाईशी. नकाशा मंजूर होण्याआधीच ही उत्तरं लेखी हवीत.

२. नियम आले आहेत, ते मागून घ्या.

केंद्राच्या गृहनिर्माण आणि नागरी व्यवहार मंत्रालयाने २०१९ मध्ये निवृत्तांच्या घरांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती राज्यांपुढे ठेवलेला नमुना होती. २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांना किमान मानकं लागू केली. एकाहून अधिक मजले असतील तर लिफ्ट, दारांना ९०० मि.मी. मोकळी रुंदी, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, एका सलग टप्प्यात बारापेक्षा जास्त पायऱ्या नाहीत, न घसरणारी फरशी, बाथरूममध्ये आधाराचे दांडे. या तरतुदी विक्री करारात आल्या पाहिजेत, हे सगळ्यात महत्त्वाचं. माहितीपत्रक गुळगुळीत कागदावर छापलेलं असतं, पण दाद मागायची वेळ आली की करारच कामाला येतो.

३. सगळ्यात आधी बाथरूमचं दार उघडून पाहा.

दार आत उघडत असेल तर मी तिथेच थांबते. आतला माणूस पडतो तो बहुतेकदा दाराला आडवा. दार ढकललं की ते त्याच्याच अंगावर येतं, आणि जितकं ढकलावं तितकं त्याला लागतं. मी पाहिलेल्या एका घरात आजोबा बाहेरून हाका मारत होते, आजी आतून ‘अहो, ढकलू नका’ म्हणत होत्या, आणि शेवटी सुताराला बोलावून बिजागऱ्या काढाव्या लागल्या. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं आणि कडी बाहेरूनही उघडता येईल अशी हवी. बांधताना याला जवळजवळ काहीच जास्त खर्च येत नाही.

दांड्यांचीही अशीच तऱ्हा. हल्ली भिंती एएसी ब्लॉकच्या असतात. हलक्या, पण भुसभुशीत. त्यांत प्लास्टिकची गिट्टी ठोकून स्क्रूने बसवलेला दांडा टॉवेल वाळत घालायला ठीक. तोल गेलेल्या माणसाचं सगळं वजन एका झटक्यात त्यावर येतं, तेव्हा तो गिट्टीसकट हातात येतो. एका इमारतीत मी मिस्त्रींना म्हटलं, ‘लोंबकळून दाखवा बरं.’ ते म्हणाले, ‘मॅडम, तुटंल ना!’ तेवढ्यात तपासणी झाली. दांड्याच्या जागी भिंत भरीव विटांची किंवा काँक्रीटची हवी, आणि ती जागा बांधकामाच्या नकाशातच दाखवलेली हवी. एकदा टाइल लागली की कुणी ती फोडत नाही. दांड्याची जाडी मुठीत नीट मावेल अशी, साधारण ४० मि.मी., आणि भिंतीपासून अंतर ५० मि.मी. अंतर जास्त ठेवलं तर हात निसटून कोपरापर्यंत आत अडकतो.

कमोडची बैठक ४५० ते ४८० मि.मी. उंच हवी. नेहमीचं भांडं त्याहून बुटकं असतं, आणि गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला तो दीड-दोन इंचांचा फरक रोज सोसावा लागतो. धोक्याच्या घंटेला जमिनीपर्यंत लोंबणारी दोरी हवी. घंटेचं बटण दिव्याच्या बटणांशेजारी चार फुटांवर असेल, तर पडलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

४. चौकट मोजू नका, वाट मोजा.

‘तीन फुटी दार आहे’ असं सांगतात, ते चौकटीचं बाहेरचं माप असतं. दार काटकोनात उघडायचं, त्याच्या पृष्ठभागापासून समोरच्या चौकटीपर्यंत टेप धरायची. ९०० मि.मी. म्हणजे ती वाट. चौकटीची जाडी आणि दाराची फळी वजा जाता तीन फुटांतले बरेच इंच गेलेले असतात, आणि चाकाची खुर्ची ढकलणाऱ्याची बोटं तिथेच सोलवटतात.

५. चोवीस तासांच्या बाईला जागा द्या.

या मुद्द्यावर मी बिल्डरांशी सगळ्यात जास्त वाद घातला आहे. एक बेडरूम, हॉल, किचन असा आटोपशीर फ्लॅट दोघांसाठी विकला जातो. दोघांपैकी एक अंथरुणाला खिळतो, तेव्हा ब्युरोकडून बाई येते. ती झोपणार कुठे? हॉलमध्ये, सोफ्याशेजारी चटईवर. तिचं कपड्यांचं बोचकं टीपॉयखाली आणि तिची अंघोळ सगळ्यांची उरकल्यावर. अशा ठिकाणी बाया टिकत नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. तिचा पलंग मावेल असा एक कोनाडा, एक कपाट आणि दुसरं छोटं संडास-बाथरूम एवढं नकाशात हवंच. त्याचबरोबर पलंगाच्या दोन्ही बाजूंना ९०० मि.मी. मोकळी जागा हवी. पलंग भिंतीला टेकवलेला असेल तर माणसाला कुशीवर वळवताना एकट्या बाईची कंबर जाते. ज्येष्ठांची घरं बांधायची आणि त्यांना सांभाळणाऱ्या बाईला नकाशातून वगळायचं, हे मला अन्यायाचं वाटतं.

६. उतार, लिफ्ट आणि उजेड.

उताराचं प्रमाण १:१२, म्हणजे जोतं ४५० मि.मी. उंच असेल तर साडेपाच मीटरच्या आसपास लांबी लागते, वर आणि खाली सपाट जागा वेगळी. एवढी जागा दिली की पार्किंगची एक गाडी कमी होते, म्हणून उतार उभा केला जातो. त्यावरून खुर्ची ढकलून पाहा, लगेच कळेल. लिफ्टचं तसंच. आठ माणसांच्या साध्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवा जात नाही. निदान एक लिफ्ट दोन मीटर खोलीची हवी. माणूस गेल्यावर त्याला खुर्चीत बांधून खाली आणावं लागणं, ही वेळ मी एका कुटुंबावर आलेली पाहिली आहे. ती कुणावरही येऊ नये.

उजेडाबद्दल थोडक्यात. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या मानाने साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. दिवे वाढवा, चकाकणारी फरशी टाळा, पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी द्या.

७. संकुल गावाबाहेर नको.

डोंगराच्या कुशीतली जमीन स्वस्त मिळते आणि फोटोत सुंदर दिसते. गाडी चालवता येते तोवर ठीक. परवाना सुटला की भाजी, बँक, देऊळ, नाट्यगृह, सगळ्यासाठी संकुलाच्या व्हॅनची वेळ पाहत बसायचं. पायी जाता येईल असं औषधाचं दुकान आणि वाहतुकीच्या कोंडीतही लवकर गाठता येईल असं रुग्णालय, हे मी क्लब हाउसच्या कितीतरी वर ठेवते.

सॅम्पल फ्लॅट पाहायला जाल तेव्हा टेप बरोबर ठेवा आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला सोबत न्या. त्यांना कमोडवर बसून, नुसत्या दांड्याच्या आधाराने, एकट्याने उठू द्या. ते जमलं तर पुढचं बोला.