गाडी घेतली, अंगावर काय घालाल?

दसरा, पाडवा किंवा धनत्रयोदशी आली की शोरूमसमोर नव्या मोटारसायकलींची रांग लागते. गाडीला हार पडतो, नारळ फुटतो, हँडलला लिंबू-मिरची बांधली जाते. विमा, नंबरप्लेट, सीटकव्हर, क्रॅशगार्ड असा सगळा हिशेब कागदावर मांडला जातो. गाडी चालवणाऱ्याच्या अंगावर काय असावे, याची ओळ मात्र त्या कागदावर क्वचितच दिसते. हेल्मेट घ्यायचे ते पोलिसांसाठी, आणि तेही रस्त्याच्या कडेला जे स्वस्तात मिळेल ते, अशी बहुतेकांची समजूत असते.

नाशकात इतकी वर्षे दवाखाना चालवल्यावर दुचाकीवरून पडलेल्या माणसाला कुठे लागते, हे आम्हा डॉक्टरांना पाठ होऊन जाते. माणूस पडताना आधी हात पुढे करतो. त्यामुळे तळहात सोलतो आणि मनगटावर भार येतो. मग गुडघा, कोपर, खांदा आणि कमरेची बाजू रस्त्याला घासते. पाय गाडीखाली सापडला तर घोटा आणि बोटे चिरडतात. डोके आपटले तर बाकीच्या जखमा मोजायलाही वेळ मिळत नाही. संरक्षणाची खरेदी दुकानातल्या शोभेप्रमाणे न करता शरीराच्या या हिशेबाने करावी, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

हेल्मेट नेमके काय करते?

मेंदूचे वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम. कवटीच्या आत तो पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोके रस्त्यावर आदळून एकदम थांबले तरी मेंदू त्याच वेगाने पुढे जातो आणि कवटीच्या आतल्या बाजूवर आपटतो. रक्तवाहिन्या फाटतात, सूज येते. कवटीला तडा गेलेला नसला तरी माणूस दगावू शकतो.

हेल्मेटचे बाहेरचे कवच आघात मोठ्या भागावर पसरवते. खरे काम करतो तो आतला थर्माकोलसारखा जाड थर. तो चेपतो आणि डोक्याला थांबायला क्षणभर वेळ व दोन-तीन सेंटिमीटर अंतर देतो. द्राक्षाच्या पेटीत कागद आणि फुग्यांचे प्लॅस्टिक घालतात, त्यातलाच हा प्रकार. म्हणून ज्या हेल्मेटात हा थर नाही, नुसता स्पंज आणि कापड आहे, ती टोपी समजावी. थर एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही. मोठ्या आघातानंतर हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी बदलावे.

हा विचार जुना आहे. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून पडले आणि सहा दिवसांनी डोक्याच्या दुखापतीने वारले. त्यांच्यावरील उपचारांत सहभागी असलेले मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे अशा अपघातांचा अभ्यास केला आणि १९४१ साली तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. २००८ साली अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासले गेले. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

माप आणि खूण

शोरूममध्ये गाडीबरोबर हेल्मेट देण्याचा नियम आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १३८ व्या नियमात तो सापडेल. मिळालेले हेल्मेट आपल्या मापाचे असेलच असे नाही. भुवयांच्या बोटभर वर टेप धरून डोक्याचा घेर मोजा. ५६, ५८, ६० सेंटिमीटर अशी मापे हेल्मेटवर लिहिलेली असतात. घातल्यावर गाल किंचित दाबले जावेत, पण कपाळावर कळ येऊ नये. दुकानातच दहा मिनिटे घालून बसा. डोके हलवल्यावर हेल्मेट डोक्याबरोबर फिरले पाहिजे. पेटीत सैल राहिलेली द्राक्षेच वाटेत फुटतात.

मग पट्टा लावा. हनुवटीखाली जेमतेम दोन बोटे जावीत. आता मागच्या कडेखाली हात घालून हेल्मेट पुढे ओढा. ते निघून आले तर घेऊ नका. पट्टा न लावलेले हेल्मेट अपघातात डोक्याच्या आधी रस्त्यावर पडते.

आयएसआयची खूण हवी. तिच्याबरोबर ‘आयएस ४१५१’ हा मानक क्रमांक आणि ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर तपासता येतो. नुसता चिकटवलेला कागद पुरेसा नाही. १ जून २०२१ पासून ही खूण नसलेले दुचाकीचे हेल्मेट विकणे बेकायदा आहे. शक्यतो हनुवटी झाकणारे, पूर्ण चेहऱ्याचे घ्या. अर्ध्या हेल्मेटात जबडा आणि दात उघडे राहतात. काच साधी, पारदर्शक असावी. काळी काच रात्री घातक असते, आणि ओरखडे पडलेल्या काचेतून समोरचा दिवा फुटल्यासारखा पसरलेला दिसतो.

हात, पाय आणि कातडी

डांबरी रस्ता म्हणजे खडबडीत कानसच. साधी पँट आणि सुती शर्ट त्यावर क्षणभर टिकतात. नायलॉन, टेरिलीनसारखे कापड घर्षणाने वितळून जखमेत चिकटते. जखमेत रुतलेली खडी वेळीच काढली नाही तर त्वचेत कायमचा काळा डाग राहतो.

हातमोजे : तळहातावर चामड्याचा दुहेरी थर आणि मनगटावर पट्टा असावा. ब्रेक व क्लच सहज दाबता आले पाहिजेत. तळहातावर पडून अंगठ्याच्या बुडाशी दुखत असेल तर ‘लचक आहे’ म्हणून चोळत बसू नका. तिथल्या छोट्या हाडाला रक्तपुरवठा कमी असतो. त्याची चीर पहिल्या एक्स-रेत कधी दिसत नाही आणि दुर्लक्ष झाल्यास हाड जुळत नाही.

पादत्राणे : घोटा झाकणारा, न घसरणाऱ्या तळाचा, नाडी किंवा पट्ट्याचा बूट हवा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत अनेक कामगारांना सेफ्टी शूज मिळतात. ते गेटवर काढून चप्पल घालून घरी जाण्याची रीत मी अनेकदा पाहतो. तेच बूट घालून गाडी चालवली तर एक खरेदी वाचते. नाडीचे टोक मात्र आत खोचावे. ते गिअरच्या दांड्यात अडकते.

जॅकेट : खांदा व कोपर यांवर घट्ट पॅड असलेले घ्यावे. पॅडवर ‘सीई’ ही युरोपीय खूण आणि ‘ईएन १६२१’ हा क्रमांक असतो. जॅकेट ढगळ नको, कारण पडताना पॅड सरकून भलतीकडे जातो. रोज त्र्यंबक रोडने किंवा महामार्गाने जाणाऱ्यांनी गुडघ्याचे पॅडही घ्यावेत.

आपले तीन ऋतू

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे जातो. तेव्हा जाळीचे जॅकेट घ्या. हेल्मेटखाली पातळ सुती टोपी घाला, निघण्याआधी पाणी प्या. पावसाळ्यात भडक रंगाचा, अंगाबरोबर बसणारा दोन तुकड्यांचा रेनकोट हवा. वाऱ्याने फडफडणारा झगा चाकात जातो. मागच्याने छत्री उघडणे तर पूर्ण बंद करावे. थंडीत निफाड-दिंडोरीकडून पहाटे येणाऱ्यांची बोटे बधिर होतात आणि ब्रेक दाबायला उशीर होतो. त्या दिवसांत हातमोज्याकडे चैन म्हणून पाहू नका. द्राक्ष आणि कांद्याच्या हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या वाढतात. बऱ्याच ट्रॉल्यांना मागचा दिवा नसतो. त्यामुळे जॅकेटवर आणि हेल्मेटच्या मागे चमकणारी पट्टी असावी.

मागे बसणारे

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी हेल्मेट न घातलेले ५०,०२९ होते आणि त्यांत मागे बसलेले १४,३३७. मागच्याला हँडलचा आधार नसतो आणि येणारा खड्डाही दिसत नाही. म्हणून एका गाडीला दोन हेल्मेट हा हिशेब धरावा.

साडीचा पदर आणि ओढणी यांचे अपघात फार वाईट असतात. गळ्याभोवतीची ओढणी चाकात गेली तर मानेला फास बसतो. ओढणी काढून पिशवीत ठेवावी, पदर खोचून घ्यावा. मागचे चाक निम्मे तरी झाकणारे आवरण, हाताला धरायची कडी आणि पायाला आधार या गोष्टी नियम १२३ प्रमाणे गाडीला असाव्याच लागतात. दिसायला बरे म्हणून साडीगार्ड काढून टाकू नका.

चार वर्षांवरील मुलांना कायद्याने हेल्मेट लागते. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी फेब्रुवारी २०२३ पासून मापाचे हेल्मेट, चालकाला बांधणारा सुरक्षा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा असा नियम आहे. टाकीवर बसवलेले मूल अपघातात आपल्या आणि हँडलच्या मध्ये चेंगरते.

नेहमीच्या शंका

‘गल्लीतल्या दुकानापर्यंतच तर जायचे आहे.’ दीड मीटर उंचीवरून डोके खाली आले तर ते जमिनीवर ताशी सुमारे वीस किलोमीटर वेगाने आदळते, गाडी उभी असली तरीही. कुत्रे आडवे येते ते गल्लीतच.

‘केस गळतात.’ हेल्मेटमुळे टक्कल पडत नाही. घाम आणि मळ साचून कोंडा, खाज होते. आतले कापड आठवड्यातून एकदा धुवा, दुसऱ्याचे हेल्मेट वापरू नका.

‘मान दुखते.’ बहुधा माप चुकलेले असते किंवा हेल्मेट जड असते. मणक्याचा त्रास आधीपासून असेल तर हलके हेल्मेट निवडा, डॉक्टरांना दाखवा. हेल्मेट सोडणे हा त्यावरचा उपाय नाही.

‘हॉर्न ऐकू येत नाही.’ हेल्मेटने हॉर्नबरोबर वाऱ्याचा आवाजही कमी होतो, म्हणून मागच्या गाडीचा हॉर्न कळतो. कानात इअरफोन असेल तर मात्र कळत नाही.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी नाशिक शहर पोलिसांनी ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ मोहीम सुरू केली. तेव्हा पंपावर शेजाऱ्याचे हेल्मेट मागून पेट्रोल भरणारेही दिसले. टाकी भरली, हेल्मेट परत गेले आणि डोके उघडेच घरी निघाले.

पैसे कमी असतील तर

सगळे एकदम घेणे प्रत्येकाला जमत नाही. पहिल्या दिवशी दोन चांगली हेल्मेट घ्या. घरात बूट असतील तर ते वापरा. पहिल्या पगारात हातमोजे, मग जॅकेट, शेवटी गुडघ्याचे पॅड. गाडीचे हप्ते ठरवतानाच ही रक्कम बाजूला काढा. फॅन्सी सायलेन्सर आणि मोठा हॉर्न यादीतून काढले की बऱ्याचदा तेवढे पैसे निघतात. हेल्मेटला पेट्रोल, थिनर, रंग लावू नका. आरशाला टांगून उन्हात ठेवू नका. साधारण पाच वर्षांनी ते बदला.

अपघात दिसला तर १०८ ला फोन करा. जखमी श्वास घेत असेल तर त्याचे हेल्मेट खेचून काढू नका. मानेचा मणका मोडलेला असू शकतो. काच वर करा, डोके-मान स्थिर धरा. श्वास अडकला असेल आणि हेल्मेट काढणे भागच असेल तर एकाने मान धरावी, दुसऱ्याने पट्टा सोडून सावकाश काढावे. पाणी, चहा पाजू नका. पडलेला माणूस उठून बोलू लागला, पण काही वेळाने उलट्या, वाढती डोकेदुखी, झोप किंवा बरळणे सुरू झाले, कान-नाकातून रक्त वा पाणी आले, तर घरी न नेता स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. कवटीच्या आतला रक्तस्राव असा उशिराने कळतो. धनुर्वाताचे इंजेक्शनही विसरू नका.

गाडीचा ताबा घ्यायला जाल तेव्हा मापून घेतलेली दोन हेल्मेट बरोबर न्या. शोरूम ते घर हा नव्या गाडीवरचा पहिला प्रवास असतो. ब्रेक कितीसा लागतो, क्लच कुठे सुटतो हे हाताला अजून ठाऊक नसते.