घोडा विकण्यापूर्वी कागद करून घ्या

दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते आणि तेथे घोड्यांचा मोठा बाजार होतो. आमचे अनेक व्यापारी बंधू तेथे घोडे नेतात; काही घरी वाढवलेले, काही राजस्थान-गुजरातेतून आणलेले. उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरतो, इसार देण्याची वेळ येते आणि गिऱ्हाईक विचारते, "याचे कागद कुठे आहेत?" येथे आपला माणूस गप्प होतो आणि ठरलेला भाव खाली येतो. घोडा तोच, चाल तीच. पण ज्याला पुढे पैदास करायची आहे, तो केवळ घोडा घेत नसतो, त्याची वंशावळ घेत असतो. ती सिद्ध करता आली नाही तर तो वरातीच्या घोड्याचाच भाव देणार. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

बाजारात 'कागद' हा शब्द फार सैलपणे वापरतात. टांगा, बग्गी किंवा पर्यटकांना फिरवण्यासाठी नगरपालिका जो परवाना देते, तो धंद्याचा परवाना होय. त्यावरून घोड्याची जात ठरत नाही. पशुवैद्यकाचा दाखला तब्येतीपुरता असतो. विक्रीची पावती मालकी सांगते. जात आणि मायबाप सांगणारी नोंदणी या सर्वांहून निराळी असते, आणि अडचण नेमकी तिथेच येते.

शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांची नोंद पुण्यातील स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडिया ठेवते. तेथे शिंगराची नोंद लहानपणीच व्हावी लागते, डीएनए चाचणीने मायबापाची खात्री होते आणि अंगात मायक्रोचिप बसवतात. रेसकोर्सवरून निवृत्त झालेला घोडा स्वस्तात घेणाऱ्यांनी त्याचा पासपोर्ट त्याच वेळी मागून घ्यावा. मोठ्या घोड्याला मागाहून असा कागद मिळवून देऊ, असे सांगणाऱ्या दलालावर विश्वास ठेवू नये.

मारवाडी घोड्यांची नोंदणी २००९ पासून सुरू झाली. त्यात घोडा जातीच्या लक्षणांवर तपासतात, मापे घेतात, अंगावरच्या खुणा लिहितात, छायाचित्र काढतात आणि नोंदणी क्रमांकाचा थंड डाग देतात. म्हणजे घोडा प्रत्यक्ष दाखवावा लागतो. आपल्या मुलखातील भीमथडी घोड्याचीही कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे आता स्वतंत्र जात म्हणून नोंद आहे. मात्र जातीला मान्यता मिळणे वेगळे आणि तुमच्या दारातील घोड्याची नोंद होणे वेगळे. या दोहोंची गल्लत करून 'सरकारमान्य घोडा' म्हणून भाव सांगणे बरे नव्हे.

हे काम विकणाऱ्यानेच का करावे, असे काही बंधू विचारतात. कारण साधे आहे. कोणत्या घोडीला कोणता घोडा लावला, कोणत्या तारखेला, शिंगरू कधी झाले, ही माहिती विकणाऱ्याकडेच असते. घोडा दोन हात फिरला की ती माहिती हरवते. म्हणून वळू घोड्याच्या मालकाकडून लावणीच्या दिवशीच लेखी चिठ्ठी घ्यावी. शिंगरू आईजवळ असतानाच दोघांचे एकत्र छायाचित्र काढावे.

खुणा लिहिताना घाई करू नये. कपाळाचा टिळा, कोणत्या पायाचा पांढरेपणा कुठवर आला आहे, भोवरे कुठे आहेत, सारे नीट उतरवावे. नुसते 'पंचकल्याणी' लिहून भागत नाही. तसे घोडे बाजारात पुष्कळ मिळतील. सब्जा घोडा जन्मतः काळपट किंवा तांबूस असतो आणि वयाबरोबर पांढरा होत जातो. कागदावर काळा आणि समोर पांढरा घोडा दिसला की गिऱ्हाईक कागदच खोटा म्हणते. यासाठी रंग पालटत असल्याची नोंद आरंभीच करून घ्यावी. आपल्या नालबंद बंधूंची यात मोठी मदत होऊ शकते, कारण पाय त्यांच्याइतके जवळून कोणी पाहत नाही.

कायद्याच्या नजरेत घोडा हा माल आहे. मालविक्री कायदा, १९३० प्रमाणे जे वर्णन सांगून माल विकला, त्या वर्णनाला तो उतरला पाहिजे. पावतीवर 'मारवाडी' लिहिले आणि घोडा तसा निघाला नाही, तर घेणारा तो नाकारू शकतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ मध्ये तर फसवणूक समजावताना घोड्याचेच उदाहरण दिले आहे. विकणाऱ्याला दोष माहीत आहे आणि लिलावात तो नुसता गप्प राहिला, तर ती फसवणूक ठरत नाही. पण घेणारा म्हणाला, "तुम्ही नाही म्हटले नाही तर घोडा निर्दोष समजतो," आणि तरी तो गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच धरले जाते. ऐब आधी सांगून मगच माल विकावा, ही आपली शिकवण कायद्याच्याही पुढे जाते, हे येथे नमूद केले पाहिजे.

तब्येतीच्या दाखल्याबाबत थोडक्यात. ग्लँडर्स हा घोड्याचा रोग माणसालाही होतो आणि २००९ च्या पशुरोग प्रतिबंध कायद्याखाली तो कळवणे बंधनकारक आहे. रोग आढळल्यास त्या भागातून जनावरांची ने-आण थांबते, बाजारही बंद होऊ शकतो. रक्ताचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रापर्यंत जाऊ शकतात, तेव्हा यात्रेच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. गाडीत घोडा चढवतानाही पशुवैद्यकाचा प्रवासयोग्य असल्याचा दाखला जवळ लागतो.

सौदा झाल्यावर पावतीवर नोंदणी क्रमांक, खुणा, ठरलेली रक्कम, दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार असावेत. मालक बदलल्याचा अर्ज नोंदणी संस्थेकडे विकणाऱ्याने स्वतः भरून पाठवावा आणि त्याची एक प्रत आपल्याकडे ठेवावी. घोडा मेला तर त्याचे कागद संस्थेला परत करावेत, दलालाच्या हाती देऊ नयेत.