मिश्री सोडताना मन का अडते?

पहाटे नळावर नंबर लागलेला असतो. हंडा ओळीत ठेवला की मावशी कमरेची डबी काढते, चिमूटभर मिश्री तळहातावर घेते आणि भिंतीला टेकून बोटाने दातांवर फिरवत बसते. दिवसभरात तिला स्वतःसाठी मिळतात ती हीच दहा मिनिटे. म्हणून कुणी "मिश्री सोड" म्हणाले की तेवढीही हिरावून घेताहेत, असे तिला वाटते.

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. "मी तंबाखू खात नाही, नुसती मिश्री लावते," असे सांगणाऱ्या बाया आजही भेटतात. तोंडाचा कॅन्सर होतो, हिरड्या खराब होतात, गरोदरपणी लावली तर बाळ कमी वजनाचे होते, हे बहुतेकींनी ऐकलेले आहे. तरी डबी सुटत नाही. अडते ते मनापाशी.

सगळ्यात जास्त ऐकू येते ते हे: "नाही लावली तर डोकं फिरतं, पोरांवर ओरडते." हे खोटे नाही. रात्रभरात अंगातले निकोटीन कमी झालेले असते, म्हणून सकाळी जीव कासावीस होतो. चिमूट लावली की काही मिनिटांत शांत वाटते. पण ती तगमग मिश्रीनेच लावलेली असते. सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही, डोके जड होते. पोट साफ होत नाही म्हणून पुष्कळ जणी परत डबीकडे वळतात. तिथे भरपूर पाणी, पालेभाजी आणि थोडे दिवस थांबणे एवढेच लागते. तीन-चार आठवड्यांत हा त्रास बहुतेक ओसरतो. त्या दिवसांत घरच्यांनी "त्यापेक्षा लाव बाई, पण ओरडू नकोस" असे म्हणू नये. हे फार घरांत होते.

दुसरी गोष्ट शरमेची. एका ताईने सांगितले, विहारात पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला माझा आवाज आपोआप बारीक होतो. तिला आणखी लाजवून काय मिळणार? शरमेने बाई मिश्री सोडत नाही, लपून लावू लागते, आणि तोंडात जखम झाली तरी दाखवायला येत नाही. आईला चारचौघांत टोकणाऱ्या मुलाच्या खिशात कित्येकदा गुटख्याची पुडी असते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरीही! दोघांनी मिळून एकच दिवस ठरवून सोडले तर जास्त बरे.

ती दहा मिनिटे मात्र सोडू नका. त्याच जागी, त्याच वेळी बसा. हातात डबीऐवजी बडीशेप किंवा भाजलेली जवस ठेवा. तलफ येते ती साधारण काही मिनिटांची असते. तेवढ्यात तोंड धुवा, शेजारणीशी बोला, हंडा उचला. फारच जड गेले तर १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर फोन करा. हा क्रमांक तंबाखूच्या पुड्यांवरही छापलेला असतो. निकोटीनचे च्युइंगगमही मिळते, पण ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

मयतीच्या घरी, लग्नाच्या गर्दीत कुणी डबी पुढे करते आणि एक चिमूट जाते. मग "माझ्याच्याने होणार नाही" म्हणून सगळेच सोडून दिले जाते. एक चिमूट गेली तर तेवढीच गेली. दुसऱ्या दिवशी परत सुरुवात करा. दोन-तीनदा प्रयत्न करून सुटलेल्या बाया पुष्कळ आहेत.

आणि भीती. "तीस वर्षं लावली, आता काय उपयोग? तपासलं तर काहीतरी निघेल." कोणत्याही वयात सोडली तरी धोका कमी होऊ लागतो. आरशासमोर उजेडात तोंड उघडा. गालाच्या आत, जिभेखाली, हिरडीवर पांढरा किंवा लाल चट्टा दिसतो का, दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का, स्वतःची तीन बोटे उभी तोंडात जातात का, ते पाहा. यातले काही आढळले तर सरकारी दवाखान्यात दाखवा. एकटीने जायला भीती वाटत असेल तर आशाताईला सोबत घ्या.