पॉलिशची बाटली घेण्याआधी

अरे, बोलिंग लीगमध्ये नाव घातलंस, स्वतःचा बॉल घेतलास, झकास झालं. आता प्रो शॉपमध्ये जाऊन चकचकीत बाटली उचलू नकोस. आधी मला सांग, तुझा बॉल वळतो कुठे? फार लवकर वळून पिनांपाशी मरगळत असेल, तरच पॉलिशचा विचार कर. चांगला दिसावा म्हणून लावायचं ते पॉलिश नव्हे.

लेन फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत ६० फूट. नेहमीच्या लीगला तेल साधारण पहिल्या ४० फुटांत असतं, पुढचं कोरडं. खरखरीत बॉल तेलातच पकड घेऊ लागतो आणि जोर आधीच खर्च करून बसतो. पॉलिश केलेला बॉल तेलावरून सरकत जातो, जोर राखतो आणि कोरड्यात पोचला की झपकन वळतो. म्हणून तेल भरपूर असेल त्या दिवशी पॉलिश नकोच; बॉल वळायचाच नाही. रात्र चढेल तसं सगळ्यांचे बॉल तेल उचलून नेतात, लेन कोरडी पडते. पॉलिशवाला बॉल तेव्हा बाहेर काढायचा.

बाटल्या मुख्यतः दोन जातींच्या. एकीत बारीक खर, म्हणजे घासणारी पूड असते, ती बॉल घासून स्वतःच्या मापाला आणते. पॉलिशआधी तू जे घासकाम केलं होतंस ते पुसूनच टाकते. दुसरीत खर नसते, ती नुसती वर चढते. ओरखडे फार पडले असतील तर पहिली घे. एरवी मी दुसरीच्या बाजूचा, कारण तिच्यात खालचं घासकाम शिल्लक राहतं आणि खरी किमया त्या घासकामात आहे. रंगाऱ्याला विचार, भिंत कशी घासली त्यावर रंग ठरतो. ५०० च्या ॲब्रालॉन पॅडने (बॉल घासायचं पॅड; आकडा मोठा तितकं बारीक) घासून केलेलं पॉलिश आणि २००० वर केलेलं, बाटली तीच असली तरी बॉल दोन स्वभावांचे होतात. २००० वाला जास्त लांब जातो. दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही, तूच विचार.

बॉल कशाचा तेही बघ. स्पेअरसाठीचा प्लास्टिकचा बॉल सरळच जायला हवा, तो खुशाल चकचकीत ठेव. युरेथेनला मी सहसा हात लावत नाही. त्याची सावकाश, संथ वळणं चकाकी नसलेल्या पृष्ठभागामुळेच मिळतात. रिॲक्टिव्ह रेझिन मात्र तेल पितं. त्याला आधी क्लीनरने स्वच्छ कर, खेळ संपल्या संपल्या, बॉल गरम असतानाच. तेलावर पॉलिश चढवलंस तर तेल आत कोंडलं जाईल. गाडीचं मेण किंवा फर्निचरचं पॉलिश तर कधीच नको, स्वस्त पडलं तरी.

लावताना थोडंसंच घे, स्पिनरवर, म्हणजे बॉल फिरवायच्या यंत्रावर, बॉल फिरवून सगळ्या बाजूंना सारखं दाब. एक बाजू जास्त घासलीस तर प्रत्येक फेकीला बॉल वेगळं बोलेल.

आणि युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसच्या नियमात खेळणार असशील, तर मान्य वस्तूंची त्यांची यादी आधी बघ. खेळ सुरू झाल्यावर ना सँडिंग चालतं, ना पॉलिश. कोरडा टॉवेल चालतो. तेव्हा काय ते घरूनच करून ये.