टाकीवरचे काळे चौकोन

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांना धरा. पण मिनी प्रोजेक्ट माझं होतं आणि त्यातली चूकही माझीच, म्हणून हा लेख.

डिसेंबरमध्ये आम्ही दोघींनी होस्टेलच्या पाण्याच्या टाकीला लेव्हल इंडिकेटर बसवला. मोटरच्या स्विचजवळ १६ बाय २ चा एलसीडी, त्यावर इंग्रजीत 'टँक लो' किंवा 'टँक फुल'. मार्क्स छान पडले. एप्रिलमध्ये शेगावचं ऊन तापलं आणि ऐन परीक्षेच्या सकाळी नळ कोरडे! मी तरातरा काकांकडे गेले. काका शांतपणे म्हणाले, "ताई, या डब्यावर त नुस्ते काळे चौकोन हायेत. अन् आधी जे लिहेल होतं, तेबी मले कुठं वाचता येत होतं?"

चौकोनांचं कारण सोपं निघालं. तापमान वाढलं की लिक्विड क्रिस्टल कमी व्होल्टेजलाच काळं पडायला लागतं. म्हणजे थंडीत बरोबर बसलेला व्होल्टेज उन्हाळ्यात जास्त होतो आणि जे ठिपके कोरे राहायला हवेत तेही काळे होतात. उपाय तीन नंबरच्या पिनवर असतो. तिथला १० के चा प्रीसेट फिरवून त्या पिनचा व्होल्टेज थोडा वाढवायचा, की काचेला मिळणारा व्होल्टेज उतरतो.

दुसरा घोळ आमच्या हौसेचा. डिस्प्लेसमोर चकचकीत ॲक्रिलिक लावलं होतं. कॉन्ट्रास्ट म्हणजे उजेडाची वजाबाकी नव्हे, भागाकार. समजा पार्श्वभूमीचा उजेड १०० आणि अक्षराचा २०, तर प्रमाण ५:१. खिडकीची चमक दोन्हींत ४० ने भर घालते. झाले १४० आणि ६०, म्हणजे जेमतेम २.३:१. वेबपेजवरच्या साध्या मजकुरासाठी डब्ल्यूथ्रीसीच्या नियमांत किमान ४.५:१ सांगितलंय. ॲक्रिलिक काढून टाकलं.

पण काकांच्या दुसऱ्या वाक्याला प्रीसेट नव्हता. मराठीच हवं होतं.

या डिस्प्लेच्या एचडी ४४७८० कंट्रोलरमध्ये इंग्रजी अक्षरं तयार असतात, देवनागरी नाही. स्वतःची फक्त ८ चिन्हं बनवता येतात, प्रत्येक ५ बाय ८ ठिपक्यांत. वरच्या दोन ओळी वेलांटीला, तिसरी शिरोरेषेला, उरलेल्या पाच ओळींत अख्खं अक्षर! त्यात दोन घरांमधे फट असते, त्यामुळे शिरोरेषा तुटते. 'पाणी कमी' ला ६ चिन्हं लागली, 'टाकी भरली' ला ७. दोन्ही मिळून १० होतात, पण एका वेळी एकच संदेश दिसत असल्याने दरवेळी चिन्हं नव्याने लोड केली. 'भ' आणि 'म' मात्र जुळे भाऊ दिसत होते. तीन रात्री वहीच्या चौकटी रंगवल्या, तेव्हा 'भ' ची डोक्यावरची रेघ तोडून तो वेगळा झाला. (कॉन्व्हेंटमध्ये मराठीच्या तासाला झोपायचे, त्याची फेड झाली.)

काकांनी पहिल्यांदा 'टाकी मरली' वाचलं आणि पोट धरून हसले. मग म्हणाले, "भरली, भरली. समजलं." आता किल्ल्यांच्या खिळ्याला एक छोटा स्क्रू ड्रायव्हर लटकतो. ऊन वाढलं की प्रीसेट तेच फिरवतात.