माझ्या पडद्यापुरते पान

मुद्रिते तपासण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्याला छापील ओळीची उजवी कड वेडीवाकडी दिसली की घासात खडा लागल्यासारखे होते. आणि माझ्या फजितीचे मूळ या सवयीतच होते, हे मला प्रथम कबूल केले पाहिजे. २००७ साली आमच्या वाचनालयाचे संकेतस्थळ रचण्याचे काम, संगणकाशी माझी थोडीफार सलगी आहे एवढ्याच भांडवलावर, कार्यकारी मंडळाने माझ्यावर सोपविले आणि मीही ते हौसेने पत्करले. तीन महिने रात्री जागून मी पाने सजविली: डावीकडे सूचीचा रकाना, उजवीकडे मजकुराचा, अक्षर ‘मंगल’, आणि प्रत्येक परिच्छेद दोन्ही कडांनी ओळंब्यात बसविलेला. घरच्या विंडोज एक्सपीवर, इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या आवृत्तीत, ते पान इतके देखणे दिसे की ते इतरत्र कुठे उघडून पाहावे, ही शंकासुद्धा मला शिवली नाही.

उद्घाटनाच्या संध्याकाळी सभागृहात मांडलेला संगणक अध्यक्षांच्या पुतण्याचा होता आणि त्यावर फायरफॉक्स होता. कळ दाबली गेली, टाळ्या सुरू झाल्या, आणि भिंतीवर जे उमटले ते पाहून अर्ध्यातच विरल्या. मथळा तेवढा शाबूत होता. त्याखाली सूचीचा रकाना एकाकी उभा, त्याच्या उजवीकडे पांढरे मैदान, आणि मजकूर सूची संपल्यावर पार तळाशी घसरलेला. तोही असा की ‘विद्यार्थी’ या शब्दाची पहिली वेलांटी ‘व’च्या आधी लागण्याऐवजी त्याच्यामागून ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली, पाय मोडलेला ‘द’ एकीकडे आणि ‘य’ दुसरीकडे, आणि शेवटच्या अक्षराच्या माथ्यावर शोभायचा तो रफार खाली उतरून लंगड्या ‘र’च्या रूपाने मध्येच ताटकळत उभा. अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि शांतपणे विचारले, “अहो, ही आपलीच मराठी ना?”

अपराध्याचा पहिला बचाव नेहमी दुसऱ्याकडे बोट दाखविण्याचा असतो, आणि मीही तोच केला. फायरफॉक्सला नावे ठेवून मी दुसऱ्याच दिवशी पानाच्या माथ्यावर सूचना लिहिली, की हे स्थळ इंटरनेट एक्सप्लोररमध्ये, ८०० गुणिले ६०० मापाच्या पडद्यावर पाहावे. असल्या पाट्या त्या काळी जागोजागी असत, म्हणून मला तिची लाज वाटली नाही. पण वाचनालयाच्या दारात उभे राहून, येणाऱ्याने अमुक दुकानातलाच चष्मा लावून यावे असा हुकूम सोडण्यासारखेच ते होते. पाटी पंधरा दिवस टिकली.

तपास सुरू केला तेव्हा रकान्याचा उलगडा पाटीगणिताने झाला. पानाची रुंदी मी ७६० पिक्सेल ठेविली होती: सूचीला २००, मजकुराला ५६०, आणि मजकुराच्या दोन्ही अंगांना वीस-वीस पिक्सेलांचे अस्तर. प्रमाण नियमानुसार हे अस्तर सांगितलेल्या रुंदीच्या बाहेर धरायचे असते. म्हणजे मजकुराचा रकाना ६०० चा झाला, दोहोंची बेरीज ८०० वर गेली, आणि जागा न मिळालेला रकाना निमूटपणे खाली उतरला. फायरफॉक्सचा हिशेब बिनचूक होता. माझ्या पानाच्या पहिल्या ओळीत ‘डॉकटाइप’ची घोषणा नसल्यामुळे इंटरनेट एक्सप्लोररने हे जुन्या जमान्यातले पान समजून जुन्याच रिवाजाने अस्तर रुंदीच्या आत धरले, आणि माझी चूक तीन महिने पोटात घातली. ती घोषणा घालताच, आणि घालतानाही तिच्याआधी एक अक्षर नाही याची खातरजमा करताच, माझ्या घरीही रकाना घसरला. तो घसरलेला पाहून मला झालेले समाधान घरच्यांना समजावून सांगणे कठीण गेले.

अक्षरांचे कोडे अधिक अवघड होते. मथळा धड आणि मजकूर मोडका, तोही एकाच टंकात, हे कसे? युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतर नोंदविलेली असते. ती उचलून व्यंजनाआधी मांडणे, जोडाक्षरे जुळविणे, रफार माथ्यावर चढविणे, हे पूर्वी जुळारी हाताने करी ते काम पडद्यावर मजकूर उमटताना व्हावे लागते. मी एकेक आज्ञा काढून पाहत गेलो आणि तिसऱ्या रात्री हाती लागली ती माझी लाडकी आज्ञा: दोन्ही कडा जुळविण्याची. त्या वेळचा फायरफॉक्स जागा ताणताना देवनागरीतील अक्षरे सुटी करी. मथळा मध्यभागी मांडलेला असल्यामुळे वाचला होता. ती ओळ खोडताच ‘विद्यार्थी’ सांधला गेला. उजवी कड मात्र वेडीवाकडी झाली, आणि मला ती सोसावी लागली. पुढे फायरफॉक्सने हा दोष दूर केला, तरी ती आज्ञा मी परत आणली नाही. कारण फोनच्या अरुंद पडद्यावर आपले लांबलचक शब्द ताणले की ओळीत खिंडारे पडतात.

आज हे काम हाती घेणाऱ्याची वाट पुष्कळ सुकर आहे. इंटरनेट एक्सप्लोररची मुदत १५ जून २०२२ रोजी संपली, त्याचा वारस एज २०२० पासून क्रोमच्याच इंजिनावर चालतो, आणि अस्तराचा तंटा ‘बॉक्स-सायझिंग’च्या एका ओळीत मिटतो. तथापि क्रोम, सफारी आणि फायरफॉक्स या तिन्हींत पान उघडून पाहण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तेही पान पुरे झाल्यावर नव्हे, रोज थोडे थोडे. ‘मंगल’ हा विंडोजचा टंक, मॅकवर किंवा अँड्रॉइडवर त्याची अपेक्षा धरू नये. म्हणून टंक पानासोबतच पाठविण्याची तजवीज करावी. पानाची भाषा मराठी अशी नोंदवावी, म्हणजे ज्या टंकात सोय आहे तिथे ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे उमटतात. मथळा ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरांत अंतर घालण्याचा मोह इंग्रजीपुरता ठेवावा; आपली शिरोरेषा त्याने तुटते.

एवढे शिकूनही मी पुरता सुधारलो असे म्हणवत नाही. गेल्या महिन्यात ग्रंथपालबाईंनी आपला फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, “काका, ‘धर्मग्रंथ’चा रफार छाटला जातोय बघा.” माझ्या संगणकावर तो अखंड होता. मथळ्याच्या चौकटीची उंची मी पिक्सेलांत बांधून टाकली होती, आणि बाईंनी फोनमध्ये अक्षरे मोठी करून घेतली होती. मी उंचीचे ते बंधन काढले, ओळींतले अंतर अक्षराच्या पावणेदोन पट केले, बाईंनी पान पुन्हा उघडले, आणि रफार दिसला असे त्या म्हणाल्यावर मी वाचनकक्षात जाऊन तिथे बसलेल्या चौघांचे फोन मागून घेतले.